व्हिसा टू व्हिसा

दुबई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बुर्ज खलिफा, डेझर्ट सफारी, सोन्याची दुकानं आणि ड्युटी फ्रीची ती फुगलेली पिशवी! आणि 'ते दुबईला असतात' असं कुणाबद्दल कळलं, की आपण मनातल्या मनात त्यांच्या पगाराला दिरहमच्या भावाने गुणून मोकळे होतो.

आता जरा दुसरं चित्र बघा. पहाटेचे पावणेसहा. शारजातल्या रोला भागातली एक जुनी अकरा मजली बिल्डिंग. सातव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमधून एक माणूस हातात टिफिन आणि तोंडात अर्धी पोळी घेऊन लिफ्टकडे धावतोय. कारण सहाला निघालं तर दुबईचं ऑफिस पाऊण तासावर. साडेसहाला निघालं तर? दोन तासही लागतात! शारजा-दुबईमधला इत्तिहाद रोड म्हणजे आपला सायन-पनवेल हायवे समजा, फक्त खड्डे वजा करून. वर टोल आहेच. 'सालिक' नावाचा हा टोल २००७ मध्ये सुरू झाला. तेव्हा एका कमानीचे सरळ ४ दिरहम जायचे. जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळेला ६ दिरहम कापले जातात.

एवढं सगळं असताना राहायचं कशाला शारजात? साधं कारण आहे. दुबईत ज्या भाड्यात वन बीएचके मिळतो, त्यात शारजात दोन खोल्या, हॉल आणि वर मुलांच्या शाळेची बस परवडते. नोकरी दुबईत आणि बिछाना शारजात, असं जगणारी हजारो घरं आहेत. त्यातल्याच एका घरात मी थंडीच्या दिवसांत नऊ दिवस राहून आले.

हे घर माझ्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचं. पुण्यात मास कॉमला आम्ही एकत्र होतो. मैत्रीण चिपळूणची. तिची आपा २००६ मध्ये लग्न करून शारजाला गेली आणि तिथलीच झाली. म्हणजे झाली का, हाच तर या लेखाचा प्रश्न आहे. आपाचे मिस्टर, म्हणजे आमचे दुल्हाभाई, खेड तालुक्यातल्या एका गावचे. ते २००१ पासून तिथे आहेत आणि एका मालवाहतुकीच्या कंपनीत अकाउंट्स बघतात. मुलगी बारावीत, मुलगा पाचवीत. दोघंही शारजातच जन्मलेली. लेखासाठी त्यांनी एकच अट घातली, नावं छापायची नाहीत. का, ते पुढे येईलच.

एक दिवस आधीची ईद

मुस्लिम कुटुंब, मुस्लिम देश. मग अडचण कसली, घरच्यासारखंच असणार, असं आपल्याला वाटतं. बऱ्याच बाबतीत ते खरंही आहे. 'कोणतंही मटण घ्या, विचारावं लागत नाही. पाच मिनिटांवर मशीद आहे. रमजानमध्ये ऑफिस दोन तास लवकर सुटतं, तेही कायद्यानं,' दुल्हाभाई सांगतात. लग्नाआधी ते 'बेड स्पेस'वर राहायचे, म्हणजे एका खोलीत सहा पलंग आणि त्यातला एक आपला. त्या दिवसांत रोजचा इफ्तार मशिदीबाहेरच्या तंबूत व्हायचा. खजूर, लबन, बिर्याणी. शेजारी कधी पेशावरचा टॅक्सीवाला, कधी ढाक्याचा सुतार. कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

पण ज्या देशात आपल्या धर्माचं सगळं कॅलेंडर चालतं, तिथेही आपण परदेशीच असतो, हे आपाला पहिल्याच ईदला कळलं. तिथे चंद्र बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी दिसतो. म्हणजे शारजात ईद आणि चिपळुणात अजून रोजा! सकाळी नमाज झाली, शीरखुर्मा झाला, नवे कपडे घातले, मग व्हिडिओ कॉल लावला तर समोर अम्मी कोरड्या ओठांनी बसलेल्या. 'वाटी कॅमेऱ्याच्या खाली धरून बोलते मी,' आपा हसते. दुसऱ्या दिवशी उलटं. तिथे चिपळुणात सगळं घर भरलेलं, सांदणं उकडतायत, आणि इकडे सुट्टीतला शिळा दिवस. (कॉलसुद्धा 'बोटिम'वर बरं का. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही.)

सुट्ट्यांचा घोळ तर विचारूच नका. जानेवारी २०२२ मध्ये यूएईने शुक्रवार-शनिवारची सुट्टी बदलून शनिवार-रविवार केली आणि शुक्रवार अर्धा दिवस ठेवला. शारजाने मात्र शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी जाहीर केली. मुलांची शाळा शारजातली, त्यामुळे त्यांना आठवड्याला तीन दिवस मोकळे. बाबांचं ऑफिस दुबईतलं, त्यामुळे शुक्रवारी सकाळी ते पुन्हा त्याच इत्तिहाद रोडवर. फोर डे वीकची स्वप्नं बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी आपाला जरूर भेटावं. 'तीन दिवस मुलं घरात. विचार कर,' एवढंच ती म्हणाली.

खसखस चालत नाही!

आपाच्या किचनमध्ये मी जेवढा वेळ बसले तेवढी पुण्यात स्वतःच्या किचनमध्येही बसत नाही. तिथली अर्धी भाषा अरबी आहे. सुरमईला कनद, कोळंबीला रुबियान, खालच्या वॉचमनला नातूर. गाडीची कागदपत्रं म्हणजे मुलकी. कोपऱ्यावरचा किराणावाला केरळचा, तो फोनवर मलबारी हिंदीत ऑर्डर घेतो आणि एक कोथिंबिरीची जुडीसुद्धा सातव्या मजल्यावर पोचवतो. तांदळाची भाकरी मात्र आपा रोज स्वतः थापते. मुलाला खुबूस जास्त आवडतो, तो वेगळा वाद.

मासे शारजाच्या सूक अल जुबैलमधून येतात. एसी मार्केट, चकाचक फरशी, बर्फावर मांडलेली सुरमई. भाव करायची सवय मात्र चिपळूणच्या बाजारातली! आपा तिथल्या मासेवाल्याशी हिंदी, अरबी आणि कोकणी अशा तीन भाषांत एकाच वाक्यात भांडते आणि जिंकते.

गावाहून येताना प्रत्येकाच्या बॅगेत कोकम, सुकट, तांदळाचं पीठ, लोणचं. विमानाचे किलो संपले की बाकीचं दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेत. पण एक वस्तू कुणीच आणत नाही, ती म्हणजे खसखस. यूएईमध्ये खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या झाडाची बी. आपल्याकडे वाटणात घालायची चमचाभर खसखस तिथल्या एअरपोर्टवर माणसाला गोत्यात आणू शकते. नव्या नवरीला सासूने वाटणाचा मसाला बांधून दिला आणि दुल्हाभाईंनी फोनवर ओरडून मुंबई एअरपोर्टवरच तो काढायला लावला, ही त्यांच्या संसारातली पहिली भांडणाची गोष्ट. आता आपा काजू घालते. चव? 'सवय झाली,' ती म्हणते.

तीन पिढ्या, नागरिक शून्य

एक संध्याकाळ आम्ही शारजाच्या खाडीकाठी करक चहा पीत बसलो होतो. समोर लाकडी गलबतं लागलेली. दुल्हाभाई बोलायला लागले. त्यांचे अब्बा पहिल्यांदा आखातात आले ते १९७६ मध्ये, विमानाने नाही, बोटीने. मुंबईहून आखातातल्या बंदरांना जाणारी 'द्वारका' नावाची आगबोट होती, १९८२ पर्यंत चालली. डेकवर अंथरूण टाकून दिवसच्या दिवस प्रवास. त्याही आधी, १९६६ पर्यंत, या भागात चक्क रुपया चालायचा. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढला होता! कोकणी मुसलमान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावरची माणसं. मुंबईच्या जहाजांवर खलाशी, तिथून मग आखातात. खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या गावांत गेलात तर चिऱ्याची मोठमोठी घरं दिसतील. कंपाउंड, गेट, वर गच्ची. आणि दाराला कुलूप.

अब्बांनी २२ वर्षं काढली आणि परत गेले. दुल्हाभाईंची तेवीस-चोवीस वर्षं झाली. मुलं तिथेच जन्मली. म्हणजे आता तिसरी पिढी, आणि यूएईचा नागरिक एकही नाही. कारण तिथे जन्मलं म्हणून नागरिकत्व मिळत नाही. पन्नास वर्षं राहिलं म्हणूनही आपोआप मिळत नाही. यूएईत ३५ लाखांहून जास्त भारतीय आहेत, कुठल्याही एका देशाच्या लोकांपेक्षा जास्त, अगदी तिथल्या अमिराती नागरिकांपेक्षाही कितीतरी जास्त. पण जवळपास सगळे राहतात ते व्हिसावर.

आणि व्हिसा कसला? नोकरीचा. आपल्याकडे नोकरी गेली तर काय होतं? ईएमआयचं टेन्शन, लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क', आईचे प्रश्न. घर तर राहतं ना! इथे दुल्हाभाईंच्या नोकरीवर त्यांचा व्हिसा, त्यांच्या व्हिसावर आपाचा आणि दोन्ही मुलांचा. घराचं भाडेपत्र, गाडी, मुलांची शाळा, बँक, फोन, सगळं त्या एका कार्डाला लटकलेलं. पूर्वी व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा असायचा. २०२२ च्या नव्या नियमांनी मुदत वाढली, पण मुदत ती मुदतच. नावं छापायची नाहीत, ते यासाठी. कुणी काही करेल म्हणून नाही. रिन्यूअलच्या वर्षात कुणाच्याही नजरेत यायचं नाही, एवढाच हिशेब.

दर दोन वर्षांनी मेडिकल, टायपिंग सेंटर, फॉर्म, फोटो. मग घरात सगळं सुरळीत. सोफा बदलायचा? रिन्यूअल होऊ दे. मुलाला कराटेच्या क्लासला घालायचं? रिन्यूअल होऊ दे. त्या घरातली अर्धी वाक्यं अशीच संपतात. तुम्ही-आम्ही पुढची वीस वर्षं होमलोनमध्ये मोजतो, हे लोक आयुष्य दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांत मोजतात.

आता तुम्ही म्हणाल, गोल्डन व्हिसाचं काय? इन्फ्लुएन्सर लोक तर मिरवत असतात! आहे ना, दहा वर्षांचा आहे. पण नोकरदाराला त्यासाठी साधारण ३० हजार दिरहमचा पगार लागतो. निवृत्तांसाठी पण व्हिसा आहे, वय ५५ च्या पुढे. त्याला १० लाख दिरहमची बचत, किंवा तेवढ्या किमतीची प्रॉपर्टी, किंवा महिन्याला भरभक्कम उत्पन्न दाखवावं लागतं. दुल्हाभाई अकाउंटंट आहेत. हे गणित त्यांनी केव्हाच मांडून बाजूला ठेवलंय. त्यांच्या हाती येणार ती ग्रॅच्युइटी. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि नंतर वर्षाला ३० दिवसांचा पगार. पण पगार म्हणजे फक्त बेसिक. आणि तिथे बेसिक किती कमी ठेवतात, हे कुठल्याही एचआरवाल्याला विचारा.

पाणी तिथलं, पाणी इथलं

नऊ दिवसांत आपा एकदाच रडली, तेही हसता हसता.

२२ जुलै २०२१. यूएईत बकरी ईदची सुट्टी चालू होती, चिपळुणात आदल्या दिवशी ईद झालेली. पहाटे वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं. बाजारपेठ बुडाली, फोन बंद पडले. आपाच्या माहेरी अम्मी-अब्बा दोघंच. तळमजला गेला आणि ते माळ्यावर चढले, एवढं शेवटचं कळलं होतं. मग दीड दिवस काहीच नाही. तिकीट काढून पळत जावं म्हटलं, तर कोरोनामुळे एप्रिलपासून भारतातून यूएईत प्रवासी घेणं बंद होतं. जाता आलं असतं, पण परत कधी येता येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन लहान मुलं इथे. 'म्हणजे अम्मी की मुलं, असं कुणीतरी विचारल्यासारखं झालं गो,' आपा म्हणाली. ती गेली नाही.

पैसे पाठवता आले असते, पण बँकच पाण्याखाली. शेवटी कामाला आला तो गावच्या जमातीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. दुबई, शारजा, कुवेत, दोहा, जिथे जिथे गावची माणसं, ती सगळी त्यात. एरवी त्यावर मय्यतीच्या बातम्या, मशिदीच्या दुरुस्तीची वर्गणी आणि गुड मॉर्निंगची फुलं. त्या दिवशी कुवेतच्या एका मुलाने दापोलीच्या मित्राला गाठलं, त्याने मोटरसायकलवरून जाऊन पाण्यातून अर्धा किलोमीटर चालत अम्मी-अब्बांना बघितलं आणि फोटो टाकला. माळ्याच्या खिडकीत दोघं. तो फोटो अजून आपाच्या फोनमध्ये वॉलपेपर आहे.

आता गोष्टीचा दुसरा भाग. १६ एप्रिल २०२४. यूएईत १९४९ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात जोरदार पाऊस. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर! कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून काहीच वाटणार नाही. पण वाळवंटातल्या शहराला एवढं पाणी जिरवायची सवयच नाही. शारजाच्या काही भागांत आठवडाभर पाणी साचून होतं. लिफ्ट बंद, पंप बंद, सातव्या मजल्यावर पाण्याची बादली चढवायची. गाडी बंपरपर्यंत बुडाली. फुल इन्शुरन्स होता म्हणून वाचले.

आणि चिपळूणहून अम्मींचे फोनवर फोन! 'कागदपत्रं कपाटाच्या वरच्या खणात टाक. गॅस बंद कर. सगळे डबे, टोप भरून घे, प्यायचं पाणी वेगळं. आणि मुलांना पाण्यात पाय घालू देऊ नको, गटार मिसळलेलं असतं.' पुराची पीएचडी केलेली बाई! आपाने सांगितलेलं सगळं केलं. शेजारच्या इजिप्शियन बाईलाही करायला लावलं. तिने नंतर डिश भरून बसबूसा आणून दिला.

'परत' म्हणजे कुठे?

मुख्य प्रश्न वेगळाच आहे, आणि तो बारावीत शिकतो.

मुलगी हुशार. शाळा सीबीएसईची. इंग्लिश झक्कास, हिंदी बरी, अरबी सक्तीचा विषय म्हणून येते आणि घरी कोकणी. मराठी बोललेलं सगळं कळतं, देवनागरी असल्यामुळे वाचतेही, अडखळत. तिला आर्किटेक्चर करायचंय. तिथल्या युनिव्हर्सिटीची फी दुल्हाभाईंनी एका एक्सेल शीटमध्ये मांडली आणि ती शीट बंद केली. राहिला भारत. आपल्याकडच्या बऱ्याच तांत्रिक कॉलेजांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, फी एनआरआय कोट्याइतकी चढी नसते. तिथे कुठे जमतंय का, यावर रोज रात्री चर्चा. पुणे की मुंबई, हॉस्टेल की मावशीकडे. (मावशी म्हणजे माझी मैत्रीण, तिला अजून कुणी विचारलेलं नाही.)

एका रात्री जेवताना दुल्हाभाई सहज म्हणाले, 'ही परत गेली की मागोमाग आपण पण जाऊ.' मुलीने ताटातून मान वर केली. 'अब्बू, परत काय? मी तिथून आलेच नव्हते.'

कुणी काही बोललं नाही. धाकट्याने लबनचा ग्लास सांडला म्हणून बरं झालं.

मला वाटतं, त्या टेबलावर चौघांचे चार देश होते. दुल्हाभाईंचा देश म्हणजे खेडजवळचं ते चिऱ्याचं घर. २०१५ मध्ये बांधून पूर्ण झालं, तेव्हापासून त्यात ते एकूण पाच महिनेही राहिलेले नाहीत, पण कुठल्या खोलीत कुठला पंखा आहे ते झोपेत सांगतील. धाकट्याचा देश म्हणजे बिल्डिंगखालचं पार्किंग, जिथे पाकिस्तानी, मल्याळी आणि सुदानी पोरं एका टीममध्ये क्रिकेट खेळतात. मुलीचा देश तिचं तीच शोधतेय. आणि आपा? सगळ्यांना वाटतं तिला माहेर जवळ केल्यावर आनंद होईल. मी पण तसंच विचारलं. ती रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाली, 'इथे मी नर्सरीत शिकवते. माझा पगार माझ्या खात्यात येतो. रात्री दहाला मुलीला घेऊन खाडीवर चालायला जाते, कुणी वळून बघत नाही. गावाला गेले की मी पुन्हा कुणाची तरी सून. ते घर यांचं आहे. मला त्यात कुलूप उघडायची पण सवय नाही.' हे तिने दुल्हाभाईंना सांगितलंय का? 'रिन्यूअल होऊ दे,' ती म्हणाली.

'गल्फवाले' म्हणजे पैसेवाले हा शिक्का आपण फार पटकन मारतो. २००५ च्या सुमाराला एका दिरहमचे बारा रुपये यायचे, २०२४ मध्ये बावीसच्या पुढे. घरी पाठवायला छान. पण ज्या मुलांचा खर्चच दिरहममध्ये आहे, त्यांच्या आईबापाला या दुपटीचा काय उपयोग? रुपया घसरला की गावाला वाटतं, दुबईवाले अजून श्रीमंत झाले. लगेच वर्गणी वाढते!

मी निघाले त्या दिवशी दुल्हाभाईंच्या कंपनीत मीटिंग होती. अकाउंट्सचं काम बाहेर द्यायचं घाटतंय, अशी कुजबुज तीन महिन्यांपासून होती. एअरपोर्टवर सोडायला आपा आणि मुलगी आल्या. माझ्या बॅगेत आपाने खजुराचे तीन डबे, झातर आणि अम्मींसाठी गुडघ्याचं मलम कोंबलं. मुलीने तिच्या पोर्टफोलिओचं एक प्रिंटआउट दिलं, पुण्यात कुणा आर्किटेक्टला दाखवता आलं तर बघ म्हणून. त्यात तिने एक घर काढलंय. चिऱ्याच्या भिंती, वर उंच चौकोनी वारा पकडणारा मनोरा, जुन्या दुबईत असायचे तसा, आणि पुढे कोकणातली पडवी.

परवा आपाचा मेसेज आला. रिन्यूअल झालंय, सगळ्यांचं. कंपनीने मात्र एक वर्षाचंच लेखी दिलंय, पुढचं पुढे. सोफा अजून जुनाच आहे. मुलीने पुणे, मुंबई आणि शारजा असे तिन्हीकडचे फॉर्म भरलेत, शारजाचा कुणी भरायला सांगितला नव्हता. पोर्टफोलिओ मी दोन आर्किटेक्टना दाखवला. एकाने विचारलं, ही साइट नेमकी कुठे आहे?